अकरा वर्षं न उघडलेली सेप्टिक टाकी: हात लावावा की नको?

पायरीवर

घर बांधून अकरा वर्षं झाली. मागच्या अंगणातल्या सेप्टिक टाकीचं झाकण या अकरा वर्षांत एकदाही उघडलेलं नाही, आणि बाबा हे सगळ्यांना कौतुकाने सांगतात. "गवंड्याने कामच असं चोख केलंय, टाकी भरतच नाही." मीही आजवर तेच धरून चाललो होतो.

गेल्या दीड-दोन महिन्यांपासून मात्र दोन गोष्टी जाणवतायत. वरच्या मजल्यावर फ्लश ओढला की खालच्या न्हाणीघराच्या जाळीतून गुडगुड आवाज येतो. आणि शोषखड्ड्याच्या एका अंगाचं गवत बाकीच्या अंगणापेक्षा नको इतकं हिरवंगार आणि उंच झालंय. वास नाही, काही तुंबलेलंही नाही. बाबा म्हणतात, चाललंय ते उकरून काढू नकोस.

माहिती देऊन ठेवतो. घरात माणसं पाच. टाकी सिमेंटची, दोन कप्प्यांची. जुन्या नकाशावर आतलं माप लांबी २.४ मीटर, रुंदी १.२ मीटर, पाण्याची खोली १.५ मीटर असं आहे. न्हाणीघराचं आणि वॉशिंग मशीनचं पाणीही तिच्यातच जातं. पुढे शोषखड्डा.

टाकी उपसून घ्यावी का? की काही त्रास होईपर्यंत थांबावं? अनुभव असलेल्यांनी सविस्तर लिहा, बाबांना वाचून दाखवणार आहे.

सरळरेघ

उपसा. आजच मैला उपसणाऱ्या गाडीवाल्याला फोन करा.

दोन_चाफे

आमच्या जुन्या घरातही हेच ऐकत वाढले, "आपली टाकी भरत नाही". मग एका सकाळी खालच्या संडासातून पाणी उलटं वर आलं. घरात पाहुणे होते. त्या दिवसाचं वर्णन इथे करत नाही, जेवणाच्या वेळी लोक धागे वाचतात. गुडगुड आवाज आमच्याकडेही आधी तीन-चार महिने येत होता. तेव्हा कोणीच त्याचा अर्थ लावला नाही.

खटपट्या

'टाकी भरत नाही' हा सगळ्या घोटाळ्याचा उगम आहे, म्हणून आधी तेवढंच लिहितो.

सेप्टिक टाकी पाण्याने कायम भरलेलीच असते. बांधून झाल्यावर काही दिवसांत ती बाहेर जाणाऱ्या पाईपपर्यंत भरते आणि मग जन्मभर तशीच राहते. आत एक बादली आली की पलीकडून एक बादली बाहेर पडते. तेव्हा पाणी किती आहे हा प्रश्नच नाही. त्या पाण्यातली किती जागा गाळाने खाल्ली, हा प्रश्न आहे.

आत तीन थर असतात. जड ते तळाला बसतं, तो गाळ. तेल, चरबी, साबणाचा फेस वर तरंगतो, त्याची साय धरते. मधे तुलनेने नितळ पाणी. टाकीच्या टोकाला बाहेर जाणाऱ्या पाईपला इंग्रजी टी अक्षरासारखा तुकडा बसवलेला असतो आणि त्याचा खालचा पाय सायीखाली बुडालेला असतो, म्हणजे फक्त मधल्या थरातलं पाणी बाहेर जातं. टाकीचं सगळं शहाणपण त्या वीतभर टीमध्ये आहे.

तळाच्या गाळावर हवेशिवाय जगणारे जिवाणू काम करतात. त्यातला बराचसा भाग ते पचवतात, त्याचे वायू होऊन व्हेंट पाईपमधून निघून जातात. पण सगळा पचत नाही. जो उरतो तो वर्षानुवर्षं साचत जातो. ढोबळ हिशेब माणशी वर्षाला ३० ते ४० लिटरचा धरतात.

आता तुमचीच टाकी घ्या. २.४ गुणिले १.२ गुणिले १.५ म्हणजे साधारण ४३०० लिटर. पाच माणसं, अकरा वर्षं, माणशी ३५ लिटर धरले तर १९०० लिटरच्या वर गाळ झाला. साय वेगळी. गाळ आणि साय मिळून एक तृतीयांश झाली की उपसायची, असा सर्वसाधारण नियम आहे. तुमचा एक तृतीयांश म्हणजे १४०० आणि थोडे. या हिशेबाने तुमची वेळ आठव्या वर्षाच्या आसपासच टळून गेली. सायही धरली तर त्याच्याही आधी.

पायरीवर

हा हिशेब बाबांना कागदावर मांडून दाखवला. त्यांनी दोनदा तपासला. काही बोलले नाहीत, पण कागद खिशात ठेवला.

रेखाटन

माझं मत थोडं वेगळं आहे. माणशी ३५ लिटर हा आकडा सगळीकडे लागू पडत नाही. कुटुंब दिवसभर बाहेर असेल, सिंकमध्ये खरकटं जात नसेल, तर गाळ बराच कमी साठतो. उलट सिंकखाली खरकटं दळणारं यंत्र बसवलेलं असेल तर भराभर साठतो. आम्ही तीन माणसं आहोत, सात वर्षांनी टाकी उघडली तेव्हा तळाला जेमतेम वीतभर गाळ होता. गाडीवाला परत गेला. हिशेबावर विसंबून दर दोन-तीन वर्षांनी उगाच उपसत बसण्यापेक्षा मोजावं आणि ठरवावं.

खटपट्या

@रेखाटन, मोजावं हे शंभर टक्के मान्य. हिशेब फक्त कधी मोजायला जायचं ते सांगतो. पण अकरा वर्षांत एकदाही मोजलेलं नाही आणि वर गुडगुड सुरू आहे, इथे हिशेब आणि लक्षण दोन्ही एकाच बाजूला बोट दाखवतायत.

नवखी

मोजतात कसं? आत उतरून?

आबा_लिहितात

आत उतरायचं नाही. कोणीही नाही, कधीही नाही. रिकाम्या टाकीतही नाही, दोरी बांधून नाही, तोंडाला रुमाल बांधून नाही, "एका मिनिटात येतो" म्हणून तर मुळीच नाही.

मी आयुष्यभर बांधकामावर काढलं आहे, म्हणून हे पोटतिडकीने लिहितो. या टाकीत हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. थोडा असला की सडक्या अंड्याचा वास येतो. लोकांना वाटतं, वास येतोय तोवर कळेल. पण हवेत त्याचं प्रमाण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारली जाते. वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटतं आणि माणूस आणखी वाकतो. त्याच्या काही पट प्रमाण झालं तर दोन-चार श्वासांत शुद्ध हरपते. शिवाय मिथेन असतो. तो हवेत ५ ते १५ टक्के असला की ठिणगीने पेटतो. झाकणाशी काडी, विडी, उदबत्ती काही नको.

सगळ्यात वाईट असतं ते पुढचं. एक जण पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो आणि तोही पडतो. मग तिसरा. या अपघातांत वाचवायला गेलेली माणसं फार मोठ्या संख्येने मरतात. कोणी पडलाच तर वरून हवा सोडा, अग्निशमन दलाला बोलवा, ओरडा, पण उतरू नका. आपलं माणूस आत पडलेलं असताना हे पाळणं किती कठीण आहे ते मला ठाऊक आहे. म्हणूनच आधीच मनाशी ठरवून ठेवायचं.

दोन_चाफे

आबांच्या प्रतिसादाला अनेक अनुमोदनं. माझ्या दिरांचा मोबाईल झाकणातून आत पडला होता. पालथं पडून, डोकं आत घालून ते हात लांब करत होते. सासूबाईंनी पाठीमागून शर्टाला धरून ओढलं तेव्हा ते बरळत होते, डोळे फिरले होते. पुढे दोन दिवस डोकं दुखत होतं. फोन तसाच आत राहिला. उतरले नव्हते, फक्त वाकले होते, एवढं ध्यानात घ्या.

ओलावा

@नवखी, बाहेर उभं राहून मोजता येतं. मी दर वर्षी करते.

दोघांनी मिळून करायचं, वारा वाहता असताना. दोन्ही झाकणं उघडून अर्धा तास लांब थांबायचं. झाकण जड असतं, दोन पहारी लागतात, पायाचं बोट सांभाळा. मग एक लांब सरळ काठी किंवा पाईप घ्यायचा, त्याच्या खालच्या मीटरभर भागाला जुना पांढरा टॉवेल घट्ट गुंडाळून सुतळीने बांधायचा. उभं राहूनच काठी हळूहळू तळाला टेकवायची, चार-पाच मिनिटं तशीच धरायची, जरा फिरवायची आणि सावकाश सरळ वर काढायची. टॉवेलवर जिथपर्यंत काळा दाट डाग असतो, तेवढा गाळ. वरचा भाग नुसता भिजलेला, करडा दिसतो. फरक लगेच कळतो. लिहून ठेवायचा.

सायीसाठी दुसरी काठी. तिच्या टोकाला आडवी फळी ठोकायची, ती सायीतून ढकलून खाली न्यायची आणि मग वर उचलायची. फळी सायीच्या तळाला अडकते, हाताला जड लागते, तिथे काठीवर खूण करायची. सायीचा तळ बाहेरच्या टीच्या तोंडापासून १५ सेंटीमीटरच्या आत आला, किंवा गाळाचा माथा ३० सेंटीमीटरच्या आत आला, तर गाडी बोलवायची.

हातमोजे घालायचे. टॉवेल टाकून द्यायचा. काठी जंतुनाशकाने धुऊन वेगळी ठेवायची, तिने पुन्हा झाडाला आधार वगैरे द्यायचा नाही. हात साबणाने धुवा.

आबा_लिहितात

@ओलावा, पद्धत बरोबर आहे, पण पहिल्यांदा उघडताना घरच्यांनी करू नये असं मला वाटतं. अकरा वर्षांच्या झाकणाची आणि स्लॅबची अवस्था काय आहे ते वरून दिसत नाही. हायड्रोजन सल्फाइडचा आणखी एक उद्योग असतो. पाण्याच्या वरच्या मोकळ्या जागेत स्लॅबच्या पोटाला तो चिकटतो, तिथल्या ओलसर थरात राहणारे जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात आणि ते आम्ल सिमेंट खातं. पाण्याखालची भिंत ठणठणीत आणि वरचा स्लॅब आतून भुसभुशीत, लोखंड उघडं पडलेलं, असं मी स्वतः अनेकदा पाहिलंय. वरून फरशी छान दिसते, त्यावर मुलं खेळतात.

पहिल्या वेळी गाडीवाल्यांनाच उघडू द्या. टॉर्च मारून, लांब उभं राहून, स्लॅबच्या खालच्या बाजूचा फोटो काढून घ्या. फोन काठीला बांधून धरा, हातात नको. :)

सरळरेघ

दोन_चाफेंच्या दिरांना हा सल्ला वेळेत मिळायला हवा होता.

वाऱ्याची_दिशा

एवढं सगळं कशाला? बाजारात बॅक्टेरियाची पाकिटं मिळतात. महिन्याला एक संडासात टाकायचं, फ्लश करायचं. मी आठ वर्षं टाकतोय, टाकी उपसायची वेळ आलेली नाही.

खटपट्या

@वाऱ्याची_दिशा, आठ वर्षांत मोजलीत का? नसेल मोजली तर पाकिटामुळे गाळ कमी आहे की अजून तुंबली नाही एवढंच आहे, हे तुम्हालाही सांगता येणार नाही. मनापासून विचारतोय.

टाकीला लागणारे जिवाणू रोज आपल्याच पोटातून जातात, अब्जावधींनी. त्यात पाकिटभर टाकून विशेष काही घडत नाही. यीस्टचंही तेच. आणि काही द्रावणं गाळ 'विरघळवतात' असं म्हणतात, ती तर नकोच. गाळ सुटा होऊन पाण्यात मिसळला तर तो टीमधून पुढे शोषखड्ड्यात जातो. टाकी उपसता येते. शोषखड्ड्याभोवतीची माती उपसता येत नाही.

वाऱ्याची_दिशा

मोजलेली नाही, हे खरं. या महिन्यात मोजतो आणि इथे आकडा टाकतो. जास्त निघाला तर तसंही सांगेन.

नवखी

मग संडास साफ करायला आम्ल, ब्लीच वापरलं तर जिवाणू मरतात का? सासूबाई रोज वापरतात आणि मला रोज धास्ती वाटते.

ओलावा

नेहमीच्या साफसफाईपुरतं वापरलं तर टाकीच्या हजारो लिटर पाण्यात ते पातळ होऊन जातं, घाबरू नका. पण तुंबलेलं मोकळं करायला एकावर एक बाटल्या ओतू नका. रंगाचे ब्रश धुतलेलं थिनर, उरलेला रंग, कीटकनाशक, जुनी औषधं, विशेषतः प्रतिजैविकं, हे तर अजिबात जाऊ देऊ नये. आणि ब्लीच आणि आम्ल एकत्र कधीच नको, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. तो टाकीआधी सासूबाईंनाच बाधेल.

संडासात काय जावं याचं सोपं उत्तर: मलमूत्र, पाणी आणि फार तर पाण्यात विरघळणारा कागद. सॅनिटरी पॅड, डायपर, ओले पुसणे (वेट वाइप्स), केस, कापसाच्या काड्या, दात साफ करायचा दोरा, सिगारेटची थोटकं, सगळ्याला कचऱ्याची बादली. पाकिटावर 'फ्लश करता येईल' असं लिहिलेले ओले पुसणेसुद्धा नकोत. कागद पाण्यात विरतो, ते विरत नाहीत. विश्वास नसेल तर दोन्ही एकेका बरणीत पाण्यात टाका, झाकण लावून हलवा आणि उद्या सकाळी बघा. आमच्याकडे मुलांना हा प्रयोग करून दाखवल्यापासून प्रश्न मिटला.

तळणीचं तेल सिंकमध्ये नको. गरम असताना पाण्यासारखं जातं, पाईपात थंड होऊन थिजतं.

माळ्यावरची_पेटी

थोडं अवांतर. जखम 'सेप्टिक' झाली म्हणतो तो आणि हा शब्द एकच. मूळ ग्रीक, अर्थ कुजवणारा. टाकीच्या बाबतीत कुजणं हेच तिचं काम आहे.

या टाकीचा जनक म्हणून फ्रान्समधल्या जाँ-लुई मुरासचं नाव घेतात. १८६०च्या सुमारास त्याने घराचं सांडपाणी आणि मैला एका बंद टाकीत सोडला. काही वर्षांनी उघडून पाहिलं तर अपेक्षेपेक्षा फारच कमी घट्ट मैला उरला होता. १८८१ साली त्याला पेटंट मिळालं. 'सेप्टिक टँक' हे नाव नंतरचं, इंग्लंडमधल्या एक्सेटर शहरात १८९५च्या आसपास डोनाल्ड कॅमेरॉनने बांधलेल्या टाकीबरोबर ते रूढ झालं. मुरासनेही उघडून पाहिलं होतं, हे पायरीवर यांच्या बाबांना जरूर सांगा.

पायरीवर

सांगितलं. "त्याला काम नसेल" म्हणाले, पण हसले. गाडीवाल्याला फोन त्यांनीच केला. आठ दिवसांनी येणार आहे. तोवर पाणी कमी वापरायचं का?

रेखाटन

हो, आणि पसरून वापरायचं. टाकीत पाणी निदान दिवसभर थांबलं तर गाळ तळाला बसतो. एकाच सकाळी वॉशिंग मशीनचे चार घाणे, त्यात सगळ्यांच्या आंघोळी, असं झालं की पाण्याचा लोंढा गाळ ढवळून पुढे नेतो. कपडे रोज एक घाणा असे धुवा. मशीनच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळीची पिशवी बांधा, कपड्यांचे तंतू अडकतात. कृत्रिम धाग्यांचे तंतू कुजत नाहीत, तेच पुढे मातीची भोकं बुजवतात.

आणि एक चाचणी करा. फ्लशच्या टाकीत खायच्या रंगाचे थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश ओढू नका. खाली भांड्यात रंग उतरला तर फ्लश गळतोय. हा झिरपा कानाला ऐकू येत नाही, पण दिवसाला शेकडो लिटर पाणी टाकीत जाऊ शकतं. आमचा शोषखड्डा ओला राहण्याचं खरं कारण हेच निघालं होतं. रबराचा एक वायसर बदलला आणि पंधरा दिवसांत जमीन कोरडी झाली.

दोन_चाफे

गच्चीच्या पावसाच्या पाण्याचा पाईप टाकीच्या चेंबरला जोडलेला नाही ना तेही बघा. पुष्कळ ठिकाणी सोय म्हणून जोडून टाकतात. एका जोरदार पावसात टाकीतला सगळा गाळ शोषखड्ड्यात.

माळ्यावरची_पेटी

पावसावरून आठवलं. मुसळधार पावसाच्या दिवसांत, जमिनीत पाणी वर आलेलं असताना टाकी पूर्ण उपसू नये म्हणतात ते खरं का?

आबा_लिहितात

खरं आहे. भोवतालच्या ओल्या जमिनीचा रेटा रिकाम्या टाकीला वर ढकलतो. फायबरची किंवा प्लास्टिकची हलकी टाकी असेल तर ती अक्षरशः तरंगून वर येते, पाईप मोडतात. सिमेंटच्या टाकीलाही तडा जाऊ शकतो. कोरड्या दिवसांत उपसा आणि उपसून झालं की लगेच साध्या पाण्याने भरायला घ्या. "थोडा गाळ विरजण म्हणून ठेवा" असं काही जण सांगतील, त्याची गरज नसते. नवा मैला आला की जिवाणू आलेच.

उपसताना एवढं पाहा: दोन्ही कप्पे उपसले पाहिजेत, फक्त पहिला नव्हे. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दोन्ही टी शाबूत आहेत का. मधल्या भिंतीला तडा आहे का. पाणी उतरल्यावर शोषखड्ड्याकडच्या पाईपमधून पाणी उलटं टाकीत येतंय का. तसं आलं तर शोषखड्डा तुडुंब आहे असं समजा. आणि गाळ कुठे नेऊन टाकणार ते गाडीवाल्याला विचारा. मैला-प्रक्रिया केंद्रातच गेला पाहिजे. ओढ्याकाठी, शेतात नको. जंतांची अंडी त्या गाळात महिनोन्‌महिने तग धरतात. चांगलं खत म्हणून परसात पसरणारे लोक मी पाहिलेत, त्यांच्याच घरातली मुलं त्या मातीत खेळतात.

नवखी

व्हेंट पाईपचं तोंड उघडंच असतं आमच्याकडे. चालतं का?

ओलावा

जाळी लावा! क्युलेक्स जातीच्या डासांची पैदास अशा टाक्यांत होते, त्यांना घाण पाणीच आवडतं. गंज न लागणारी बारीक जाळी तोंडावर ताणून बसवायची. पाईपचं तोंड पूर्ण बंद करू नका, वायू बाहेर पडायला वाट हवी. झाकणाच्या फटीही भरून घ्या. आमच्या गल्लीत चार घरांनी एकत्र हे केलं आणि संध्याकाळी अंगणात बसता येऊ लागलं.

झाडपाला

उशिरा आलो. हिरव्या गवताबद्दल लिहितो, कारण माझा जीव झाडांत आहे. टाकी आणि शोषखड्ड्यावर गवत किंवा उथळ मुळांची लहान फुलझाडं ठीक. वड, पिंपळ, उंबर, रबर ही मंडळी आसपास नकोत. केसाएवढं मूळ पाईपच्या जोडातून शिरतं आणि आत त्याची शेपटी होते. आमच्या पाईपमधून हातभर लांबीचा मुळांचा झुपका निघाला, घोड्याच्या शेपटीसारखा, ओला आणि तांबूस. शोषखड्ड्यावर पालेभाज्या, कंदमुळं लावू नका. गाडी उभी करू नका, माती दाबली जाते आणि तिच्यात हवा खेळत नाही.

आणि विहीर किंवा बोअर असेल तर खड्ड्यापासून निदान ३० मीटर लांब हवी. टाकीतून बाहेर पडणारं पाणी नितळ दिसलं तरी रोगजंतूंनी भरलेलं असतं. गाळणीचं खरं काम पुढची माती करते.

पायरीवर

आज उपसली. सविस्तर लिहितो.

सकाळी गाडी आली. त्यांनीच पहारी लावून झाकणं उघडली, आम्ही पंधरा पावलं लांब उभे राहिलो. ओलावा यांची टॉवेलची काठी मी तयार ठेवली होती, ती त्यांच्यातल्या एकाने उभ्याउभ्याच सोडली. वर आली तेव्हा पांढरा टॉवेल डांबरात बुडवल्यासारखा. बाबांनी स्वतः टेप लावली: पहिल्या कप्प्यात गाळ ८५ सेंटीमीटर. वर साय २० सेंटीमीटर. नितळ पाणी उरलं होतं ते ४५ सेंटीमीटर. दुसऱ्या कप्प्यात, जिथे जवळजवळ काही असू नये, तिथेही ३० सेंटीमीटर गाळ. खटपट्या, मी लगेच गुणाकार केला. साय धरून २३०० लिटर, निम्म्याहून जास्त टाकी. साय वजा केली तर १९००. तुमचा आकडा.

पाणी उतरल्यावर काठीला बांधलेल्या फोनने फोटो काढले. स्लॅबच्या पोटाला दोन ठिकाणी खडी उघडी पडली आहे, लोखंड अजून दिसत नाही. आबांना फोटो व्यक्तिगत निरोपातून पाठवलेत. बाहेर जाणाऱ्या पाईपला टी नव्हतीच. तिचा तुकडा तळाच्या गाळातून निघाला, म्हणजे जोडाला चिकटवलेलीच नसणार. किती वर्षं साय थेट शोषखड्ड्यात जात होती कोण जाणे.

तो तुकडा बाबांनी नळाखाली धुतला आणि बराच वेळ हातात धरून बसले. मग म्हणाले, "एवढ्याशा गोष्टीसाठी दहा वर्षांपूर्वी झाकण उघडलं असतं तर." मला वाईट वाटलं. मी म्हटलं, माहीत नव्हतं आपल्याला.

नवी टी प्लंबरने लांब दांड्याला बांधून झाकणातून सोडली, पाईपवर दाबून बसवली आणि बाहेरच्या बाजूने जोड पक्का केला. कोणाचंही डोकं झाकणाच्या आत गेलं नाही. शोषखड्ड्याकडून पाणी उलटं आलं, बादली-दीड बादली. हिरव्या गवतापाशी थोडं उकरलं तर मातीवर काळा, बुळबुळीत थर दिसला.

आबा_लिहितात

फोटो पाहिले. स्लॅब लगेच कोसळणारा नाही, पण वर्षभरात वरचा स्लॅब बदलून घ्या. तोवर त्याच्याभोवती दोरी बांधा आणि मुलांना तिकडे फिरकू देऊ नका.

तो काळा थर जिवाणूंचा आणि गाळाचा असतो, तो माती बुजवतो. जागा असेल तर दुसरा शोषखड्डा करा आणि आधीच्याला पाच-सहा महिने ते वर्षभर विश्रांती द्या. मातीत हवा शिरली की तो थर हळूहळू सुकतो, हवेवर जगणारे जिवाणू त्याला खातात. पुढे दोन्ही आलटून पालटून वापरायचे. नव्याचा तळ भूजलाच्या पातळीपेक्षा दीड-दोन मीटर तरी वर राहू द्या.

वाऱ्याची_दिशा

वचन दिल्याप्रमाणे आकडा: गाळ ७० सेंटीमीटर, पाण्याची खोली १.२ मीटर. गाडी पुढच्या आठवड्यात येतेय. पाकिटं आता आणणार नाही.

पायरीवर

दुसऱ्या खड्ड्याची जागा बाबांनीच आखून ठेवली, झाडांपासून लांब. मीटरच्या पेटीच्या दाराला आतून त्यांनी रंगाने तारीख लिहिली आहे, शेजारी ८५ आणि ३०. खाली आणखी चार ओळींपुरती जागा सोडली आहे. गुडगुड आवाज कालपासून नाही.

दोन_चाफे

जुना खड्डा किती दिवसांनी सुकतो ते इथे नक्की लिहा. आमच्याकडेही तोच प्रश्न उभा आहे.

पायरीवर

लिहितो. दर महिन्याला उकरून बघणार आहे.